खेकड्यांची गोष्ट आता पुरे

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका संस्थेने दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव ठेवला होता. कुराणपठण झालं, नात झाली, पाहुण्यांचे सत्कार झाले. मग प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी ती गोष्ट काढलीच. एका माणसाकडे खेकड्यांच्या दोन टोपल्या असतात. एकीवर झाकण असतं, दुसरी उघडी. कोणीतरी विचारतं, ही उघडी का? तो म्हणतो, हे आपल्या समाजाचे खेकडे आहेत, एक वर चढू लागला की बाकीचे त्याचा पाय ओढतात, झाकणाची गरजच नाही. सभागृहात हशा. पुढच्या रांगेतले ट्रस्टी सगळ्यात जोरात हसले.

मी ही गोष्ट आजवर किती वेळा ऐकली याचा हिशोब नाही. मराठी उद्योजकांच्या मेळाव्यात हे खेकडे मराठी असतात, आमच्या जमातीच्या कार्यक्रमात मुसलमान असतात. म्हणजे मी दोन्हीकडून खेकडा. फिलिपिन्समधले लोकही हीच गोष्ट स्वतःच्या समाजाबद्दल सांगतात. हा दुर्गुण फक्त आपल्यातच आहे असं प्रत्येकाला वाटतं आणि ते सांगताना त्याला थोडं बरंही वाटतं. कारण सांगणारा नेहमी टोपलीच्या बाहेर उभा असतो. स्टेजवर.

मी तळवलीत भाड्याने राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला ही जुनी आगरी-कोळी गावं. गोठिवली, तळवली, घणसोली, एकाला एक लागून. इथे खेकड्याला चिंबोरी म्हणतात आणि ती रूपककथेत नसते, बाजारात असते. विकणाऱ्या मावशी तिच्या नांग्या दोरीने करकचून बांधतात आणि वर ओलं गोणपाट टाकतात. त्या कार्यक्रमानंतर मी एकीला मुद्दाम विचारलं, मावशी, झाकता कशाला? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, नाय झाकलं तर पलतील ना!

एवढंच आहे. खेकडे पळतात. उघड्या टोपलीतून बाहेर पडतात. अंधारात, गर्दीत, पायाखाली काही नसताना जे हाताला लागेल ते ते धरतात. तो मत्सर नव्हे. मत्सर ही माणसाची गोष्ट आहे. माणसाबद्दल बोलायचं तर मी माझ्यापासून सुरुवात करतो, कारण दुसऱ्याच्या मत्सरावर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

२०१८ साली सिडकोने १४,८३८ घरांची सोडत जाहीर केली होती. तळोजा, खारघर, कळंबोली, द्रोणागिरी आणि आमच्या शेजारचं घणसोली. अर्ज घरांच्या कितीतरी पट. मी आणि माझा एक मित्र, दोघांनी एकाच सायबर कॅफेत, एकाच दुपारी फॉर्म भरले. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच गावचे, एकाच उर्दू शाळेतले, पगारातही उन्नीस-बीसचा फरक. २ ऑक्टोबरला सोडत निघाली. त्याला घणसोलीत घर लागलं, मला कुठेच नाही. मी त्याच संध्याकाळी मिठाई घेऊन त्याच्याकडे गेलो, गळाभेट घेतली, माशाअल्लाह म्हणालो.

आणि आठवडाभरात चहाच्या टपरीवर तीन जणांना म्हणालो, ‘उत्पन्नाचा दाखला कसा काय बसला त्याचा, कोण जाणे.’

मला काही माहीत नव्हतं. दाखल्यात खोट असल्याचा पुरावा सोडा, संशयालाही कारण नव्हतं. वाक्य तोंडातून आलं, इतकंच. पुढे कुणीतरी त्याच्याविरुद्ध निनावी अर्ज केला. तो मी केला नाही, पण त्यात तेच वाक्य होतं, जरा वाढवून. चौकशीत काही निघालं नाही. मधले चार महिने मात्र त्याच्या घरात कुणाला नीट झोप नव्हती. आगाऊ भरायच्या रकमेसाठी बायकोचे दागिने गहाण पडले होते आणि घर जाणार की राहणार ते कळत नव्हतं. मी या काळात त्याला धीर द्यायला जात होतो. खोटं कशाला बोलू, धीर देताना आतून थोडं हलकं वाटत होतं.

याला हसद म्हणतात. त्याचं घर मला मिळावं असं मला वाटत नव्हतं. ते मिळणं शक्यच नव्हतं, सोडत संपली होती. त्याच्याकडे ते असू नये, एवढंच वाटत होतं.

या भावनेला मराठीत जागा कुठे आहे बघा. पोटात दुखतं, डोळ्यात खुपतं, माणूस जळतो. सगळं शरीरात. जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली ‘सायन्स’मध्ये जो प्रयोग छापला, त्यात ज्याचा हेवा वाटतो अशा माणसाबद्दल वाचताना मेंदूचा जो भाग जागा झाला त्याचा वेदनेशी संबंध आहे आणि त्याच माणसाचं वाईट झाल्याचं वाचताना बक्षीस मिळाल्यावर जो जागा होतो तो भाग जागा झाला. आमच्या आजीला हे मशिनीशिवाय माहीत होतं. आणखी एक गंमत. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे आपण मित्राला तोंडावर, हसत सांगू शकतो. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं आजवर कोणी कोणाला तोंडावर सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. उर्दूतही तसंच, रश्क बोलून दाखवता येतो, हसद नाही. डच भाषेतही असे दोन शब्द आहेत आणि त्याच धाग्याने तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी, नील्स व्हान दे व्हेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, २००९ मध्ये दाखवलं की या दोन वेगवेगळ्या भावना आहेत. एक माणसाला वर चढायला लावते, दुसरी समोरच्याला खाली खेचायला. आपल्या परंपरेत हा फरक जुनाच आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे की हेवा करावा तर दोघांचाच करावा. ज्याला अल्लाहने माल दिला आणि जो तो योग्य मार्गाने खर्च करतो त्याचा, आणि ज्याला शहाणपण दिलं आणि जो त्याप्रमाणे वागतो, शिकवतो त्याचा. उलेमांनी याला गिब्ता म्हटलं आणि हसदपासून वेगळं काढलं.

मग मला बिल्डरचा हेवा का वाटला नाही? घणसोलीत टॉवर उभे आहेत, त्यांतल्या एका फ्लॅटच्या किमतीत मी आयुष्यभर कमावेन तेवढं जाईल. त्यांच्याकडे बघून पोटात काही होत नाही. लिऑन फेस्टिंगरने १९५४ मध्ये मांडलं की माणूस स्वतःला मोजायला आपल्यासारखाच माणूस शोधतो. त्याच्याही साडेआठशे वर्षं आधी, ११११ साली वारलेल्या इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये हे जास्त रोखठोक लिहून ठेवलंय. आलिम जळतो आलिमावर, आबिदावर नाही. चांभार चांभारावर, कापडवाल्यावर नाही. आणि परक्यापेक्षा भाऊ-चुलतभावावर जास्त. यूसुफ अलैहिस्सलामना विहिरीत टाकणारे कोण होते ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ‘समाज जळतो’ या तक्रारीत नवल काही नाही. जवळचाच जळणार. एकाच गावचे, एकाच बाकावरचे, एकाच सायबर कॅफेतले.

आता माझं पहिलं भांडण. आपल्या मोहल्ल्यात जळणारा कोणीच नाही, सगळे जळले गेलेले आहेत. कुठल्याही घरात जा. धंदा बसला, नजर लागली. मुलीचं लग्न जमेना, कुणीतरी केलंय. मुलगा बारावीत गचकला, शेजारणीची नजर वाईट. मी परवा मोजून बघितलं, ओळखीच्या अकरा घरांपैकी नऊ घरांत कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात किंवा दारावर नजरेसाठी काहीतरी बांधलेलं आहे. हिंदू शेजाऱ्यांच्या रिक्षेला लिंबू-मिरची, आमच्याकडे तावीज. मग प्रश्न असा की एवढ्या नजरा लावतंय कोण? नजर लागलेले एवढे, तर लावणारेही तेवढे हवेत की नाही? एकही माणूस पुढे येऊन म्हणत नाही की बाबा, गेल्या मंगळवारी तुझ्या नव्या गाडीला माझी नजर लागली.

कोणी म्हणेल, नजर हक आहे, हदीस आहे. आहे, मी नाकारत नाही. पण त्याच विषयावरची दुसरी रिवायत पुरती वाचा, इमाम मालिकांच्या ‘मुवत्ता’त आहे, इब्न माजामध्ये आहे. सहल बिन हुनैफ अंघोळ करत होते. आमिर बिन रबीआंनी त्यांच्या कांतीचं कौतुक केलं आणि सहल जागीच कोसळले. प्रेषितांनी (स.) विचारलं, कोणावर संशय आहे? आमिरना बोलावलं आणि खडसावलं, आपल्याच भावाचा जीव घेतोस का, त्याच्यासाठी बरकतीची दुआ का नाही केलीस? मग आमिरना स्वतःचे हातपाय धुवायला लावले आणि ते पाणी सहलवर ओतलं. धुवायचं होतं ते बघणाऱ्याने. जाब विचारला तो बघणाऱ्याला. आपण काय केलं? बघणाऱ्याला सोडून दिलं आणि ज्याच्याकडे बघितलं त्याच्या गळ्यात दोरा बांधला. दोऱ्याचे पैसे होतात, जाब विचारण्याचे होत नाहीत. तावीजवाल्याकडे जाणारा प्रत्येकजण तिथून हे प्रमाणपत्र घेऊन येतो की तुझं सगळं ठीक आहे, लोकच वाईट आहेत. एवढ्या स्वस्तात असा दिलासा दुसरीकडे कुठे मिळणार?

नव्या घरांवर अरबीत पाटी असते, हे सारं माझ्या रबच्या कृपेने, अशा अर्थाची. ती सुलेमान अलैहिस्सलामच्या तोंडची आयत आहे, सूरह नम्लमधली, आणि तिचा पुढचा भाग असा आहे की ही कृपा माझी परीक्षा आहे, मी कृतज्ञ राहतो की कृतघ्न होतो याची. पाटीवर तो भाग मी अजून तरी कुठे पाहिलेला नाही.

दुसरं भांडण याहून मोठं आहे आणि ते त्या गुणगौरवाच्या स्टेजशी आहे. जळणाऱ्याला कोणी पकडत नाही, पण हक्क मागणाऱ्याला मात्र ताबडतोब जळणारा ठरवलं जातं.

माझ्या फुफीने वडिलांच्या मागे गावच्या जमिनीत हिस्सा मागितला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. घरात काय बोललं गेलं ते मला शब्दशः आठवतं. भावाचं चांगलं चाललेलं बघवत नाही तिला. शेवटी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, दर ईदला साडी द्यायचं ठरलं, तीही दोन-तीन ईद. त्या बैठकीत गावच्या एका वडीलधाऱ्यांनी सूरह निसाची ३२वी आयत सांगितली, अल्लाहने एकाला दुसऱ्यापेक्षा जे जास्त दिलंय त्याची हाव धरू नका. आयत खरी. पण त्याच सूरहच्या ७व्या आयतीत आईबापांच्या मालमत्तेत बायकांचा हिस्सा आहे असं ठणकावून सांगितलंय, थोडी असो वा फार, आणि ११व्या आयतीत मुलीचा वाटा किती तेही. एवढंच कशाला, ती ३२वी आयतसुद्धा पुढे म्हणते की पुरुषांना त्यांच्या कमाईचा वाटा आणि बायकांना त्यांच्या. पान न उलटता वाचता येतं हे. फुफी भावाचं घर पडावं असं म्हणत नव्हती. ती स्वतःचा वाटा मागत होती. हसद कुणाच्या पोटात होता? जो स्वतःकडे पूर्ण असूनही बहिणीकडे अर्धा जाताना बघू शकत नव्हता, त्याच्या. तो माझा बाप होता, हे लिहिताना हात जड होतो, पण लिहितो.

हेच बिरादऱ्यांचं. मंडलनंतर महाराष्ट्रात मुसलमानांमधल्या मागास जातींनी ओबीसीचे दाखले मागितले, तेव्हा आपल्यातल्याच खानदानी मंडळींनी काय म्हटलं? उम्मत फोडतायत, आमच्यावर जळतायत. ज्यांच्याबरोबर सोयरीक करायची नाही, त्यांच्याशी एकी मात्र हवी. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली ती हिंदू समाजाबद्दल, पण तिची जखम आपल्या अंगावरही आहे. प्रत्येकाला कोणीतरी वरचा आणि कोणीतरी खालचा, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे कधी एक होत नाहीत. अशा उतरंडीत शेजारच्या पायरीवरच्याचा मत्सर वाटणारच. तो स्वभावातून कमी आणि पायऱ्यांमधून जास्त येतो.

आणि हे फक्त मुसलमानांचं नाही म्हणून परत तळवलीत येतो. साठच्या दशकात इथे एमआयडीसी आली, १९७० मध्ये सिडको. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीची मासळी गेली. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, तेव्हा कुठे पुढे नव्वदच्या दशकात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ज्याच्या सातबारावर जास्त, त्याला मोठा भूखंड. ज्याची अर्धा एकर, त्याला चिमूट. बऱ्याच जणांनी भूखंड हातात यायच्या आधीच हक्क बिल्डरला विकले. आज शेजारी-शेजारी दोन भावकीतली घरं, एकाची भाड्याची चार मजली इमारत, दुसरा त्याच इमारतीखाली रिक्षा लावतो. तिथे जळफळाट असणार नाही असं कोण म्हणेल? आहे. पण मग विमानतळासाठी गावं उठली आणि त्यांना साडेबावीस टक्के मिळाले, तेव्हापासून टपरीवर ऐकतो, ‘त्यांना साडेबावीस, आम्हाला साडेबारा का?’ यावर एका सुशिक्षित गृहस्थांनी, जे याच पट्ट्यात मोठ्या सोसायटीत राहतात, मला समजावलं की गाववाल्यांना कितीही द्या, एकमेकांचं बघवत नाही त्यांना.

हा मत्सर आहे का? साडेबावीसवाल्यांचे दहा टक्के काढून घ्या असं टपरीवर कोणी म्हणत नाही. आम्हालाही द्या असं म्हणतात. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’मध्ये मत्सर वेगळा ठेवला आणि अन्याय बघून येणारी चीड वेगळी. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, दोन्हींत माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो. पण एक म्हणतो त्याचं ताट काढा, दुसरा म्हणतो मलाही वाढा. मौलाना असोत की सोसायटीवाले गृहस्थ, या दोघांना एकाच काठीने हाणणं त्यांना सोयीचं असतं, कारण मग वाढप्याला कोणी प्रश्न विचारत नाही. खेकड्यांच्या गोष्टीत टोपलीवाल्याला कोणी विचारतं का, बाबा, तू यांना पकडून कुठे चाललायस?

या सगळ्याचा आडोसा मी माझ्या वाक्यासाठी घेऊ शकत नाही. माझ्या मित्राने माझं काही घेतलं नव्हतं, चिठ्ठीत नाव निघालं होतं. मी वाटा मागत नव्हतो. त्यानंतरची दोन वर्षं मी काय काय केलं ते सांगतो, बहुतेक जण तेच करतात. आधी घराला नावं ठेवली, खोल्या लहान आहेत, पाणी कमी येतं. कोल्ह्याची द्राक्षं. मग त्याला टाळायला लागलो. मग तकदीर, सब्र वगैरे स्वतःला सांगितलं, आणि त्याने बरंही वाटलं, पण सब्र हा शब्द मी ज्या गोष्टीवर पांघरत होतो ती नशिबाची नव्हती, माझ्या जिभेची होती.

गझालींनी हसदची सात कारणं दिलीत आणि उपायही कडू दिलाय. हसद जे करायला सांगते त्याच्या उलट करायचं. निंदा करावीशी वाटली तर स्तुती करा, तोरा मिरवावासा वाटला तर त्याच्यापुढे नमा, हात आखडावासा वाटला तर द्या. मनात आलं म्हणून माणूस लगेच गुन्हेगार होत नाही, त्याच्यावर चाललं की होतो. मी करून बघितलं. सुरुवातीला ते निव्वळ नाटक वाटलं. त्याच टपरीवर, त्याच तिघांपैकी दोघे होते, मी म्हणालो, त्याचे कागद चोख होते, मी उगाच बोललो होतो. एकजण म्हणाला, सोड रे, जुनी गोष्ट. दुसरा काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेला तावीज नव्हता.

मित्राला मात्र सांगितलं नव्हतं. हा लेख टाकायच्या आधी परवा त्याच्याकडे गेलो, घणसोलीच्या त्याच घरात, आणि त्याच्याबद्दलचा भाग वाचून दाखवला. त्याची बायको आत चहा टाकत होती, मी आवाज खाली केला होता. तो ऐकून झाल्यावर म्हणाला, ‘अर्ज कोणी केला ते मला कधीचंच कळलंय. तू नव्हतास. टपरीवरचंही कळलं होतं.’

मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

‘काय बोलणार? तू आणलेली मिठाई मुलांनी आवडीने खाल्ली होती रे.’

चहा आला. आम्ही पाण्याच्या वेळांबद्दल बोललो.